जिभेखाली लवंग

सिंहली लिपीत ळ आहे. मुळाक्षरांत त्याची जागा ठरलेली आहे, शाळेत मास्तर तो फळ्यावर काढून दाखवतात, आणि परीक्षेत ल च्या जागी ळ लिहिला तर कानही धरतात. तोंडात मात्र त्याला घर नाही. लिहायचे दोन आणि बोलायचा एक, असा सगळा कारभार. फूल म्हणजे मल. मेलेला म्हणजे लिहिताना मळ, पण बोलताना तोही मल. लंकेतल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. संदर्भावरून कळतं, कोण फुललंय आणि कोण गेलंय.

एवढ्याशा अक्षरावरून काय गोष्ट सांगायची, असं कुणाला वाटत असेल तर त्याने रनमलीची हकीकत ऐकावी.

रनमली म्हणजे तीच, गाणारी. वीस वर्षं सिंहली पडद्यावर जी कोणी नायिका रडली ती रनमलीच्या गळ्यातून रडली. चेहरे बदलले, साड्या बदलल्या, गळा तोच. नाव कंपनीने ठेवलेलं, सोन्याचं फूल अशा अर्थाचं. बाप्तिस्म्याचं नाव सेलेस्तिना. निगंबोच्या उत्तरेला, खाजणाच्या तोंडाशी असलेल्या मच्छिमारांच्या वाडीत ती जन्मली. त्या किनाऱ्यावर तेव्हा घरात तमिळ, शाळेत सिंहली आणि चर्चमध्ये लॅटिन, अशा तीन भाषा पोरं एका दिवसात वापरायची आणि कुणाला त्याचं ओझं होत नसे. बाप लवकर गेला. आई, सवरियम्मा, काथ्याच्या चटयांवर मासळी सुकवायची, टोपलीतून विकायची, आणि ईस्टरआधीच्या उपासात चर्चमध्ये पसान म्हणायची. क्रुसावरून उतरवलेल्या मुलाला मांडीवर घेऊन मरियामाता रडते, त्या रडण्याची ही गाणी. सवरियम्माने सूर लावला की दगडी खांबांना पाझर फुटेल असं फादरही म्हणत. सेलेस्तिनाचा गळा हा त्या गळ्याचाच तुकडा. आई तिला हाक मारायची, "मगळे." मगळ म्हणजे मुलगी. जीभ आत वळवून, टाळूला चाटून सोडलेला तो ळ, त्यात आईचा सगळा जीव असायचा.

अबेसूर्य मास्तरांनी तिला पहिल्यांदा ऐकलं ते कोलंबोतल्या एका संगीत स्पर्धेत. चित्रपटांना चाली देणारा हा माणूस, विडा चघळणारा, कुणाची भीडभाड न ठेवणारा. त्यांनी तिला घरी बोलावलं, गाण्याचा कागद हातात दिला आणि हार्मोनियम उघडली. ती दोन ओळी गायली. मास्तरांनी भाता बंद केला.

"या देशात ळ चा ळ म्हणणारे दोनच प्रकारचे लोक आहेत," ते म्हणाले. "एक पाली शिकलेले भिक्षू, आणि दुसरे तमिळ. तू काही मला भिक्षू दिसत नाहीस."

तिचं तोंड उतरलं. मास्तर मात्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातली एक लवंग घेऊन आले.

"ही जिभेखाली ठेव. जीभ सपाट राहिली तर लवंग जागेवर राहील. वळलीस की सुटेल, घशात जाईल, खोकशील. फूल म्हणायला जातेस आणि प्रेत उठवतेस, असं चालायचं नाही पोरी. आणि हे बघ, मला काही घेणंदेणं नाही तू कुठली आहेस याच्याशी. पण तिकीट काढून येणाऱ्याला असतं."

जिभेला हाड नसतं म्हणतात, पण वळण असतं, आणि ते मोडताना हाड मोडल्यासारखंच दुखतं. सेलेस्तिना लवंग ठेवून बोलली, लवंग ठेवून गायली, खोकून खोकून डोळे लाल केले. हळूहळू खोकला थांबला. मास्तरांनी पाठ थोपटली आणि कंपनीने नाव दिलं. घरी गेल्यावर मात्र ती लवंग थुंकून टाकायची आणि आईशी पोटभर बोलायची. मळलेल्या पोळक्याचं, माळ्यावरच्या मांजरीचं, कोळुंबुचं. हो, सवरियम्मा कोलंबोला कोळुंबु म्हणायची. तिच्या तोंडात त्या शहरालाही ळ होता.

तोवर सगळं ठीक होतं. मग अठ्ठावन्न सालचा मे महिना आला, आणि तमिळांविरुद्ध दंगली पेटल्या.

सवरियम्मा बसने कोलंबोला लेकीकडे निघाली होती. वाटेत तमिळ शोधत फिरणाऱ्या माणसांनी बस थांबवली. हातात काठ्या आणि एक रिकामी बादली. ती बादली एकेका प्रवाशापुढे धरून ते विचारत होते, याला काय म्हणतात, बोल. ज्यांचा सिंहली उच्चार बरोबर आला ते बसून राहिले. एका म्हाताऱ्याचा आला नाही. त्याला खाली उतरवलं. सवरियम्माने टोपली मांडीवर ओढली, तोंड वेडंवाकडं केलं आणि मुकी असल्याचं सोंग आणलं, घशातून नुसता आवाज काढत. मासळीच्या वासाने वैतागून ते पुढे सरकले. बस सुटल्यावर मागून ज्या किंकाळ्या आल्या त्या तिने ऐकल्या, आणि कोलंबोला पोचेपर्यंत ती मुकीच राहिली.

लेकीच्या खोलीत शिरल्यावर तिने आधी खिडकी लावली, मग दार. मग अगदी हळू, आपल्या बोलीत म्हणाली, "मगळे, आजपासून ही बोली बंद. रस्त्यात नाही, घरात नाही, माझ्याशीसुद्धा नाही. जीभ झोपेतदेखील वळता कामा नये."

"अम्मा, तुझ्याशी मग कशी बोलू मी?"

"सिंहलीत. मला येते की. रोज बाजारात बोलते."

दोघी थोडा वेळ एकमेकींना धरून बसल्या. त्यानंतर सवरियम्माने तिला मगळे म्हणून हाक मारली नाही.

बाई शब्दाची पक्की होती, आणि तिचा हा पक्केपणाच दोघींच्या मुळावर आला. कारण तिला येत होती ती मासळीबाजाराची सिंहली. गिऱ्हाइकाला काय म्हणतात तेवढं तिला यायचं. पोटच्या पोरीला काय म्हणतात ते शिकवायला बाजारात कोण येणार? पुढची पंचवीसेक वर्षं मायलेकी तेवढ्या भांडवलावर बोलल्या. लेक गावी आली की सवरियम्मा दारात म्हणायची, "या नोना, या." नोना म्हणजे बाईसाहेब, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. लेक वाळलेली दिसली तर म्हणायची, "वजन कमी भरलं." रागावली तर, "भाव फार चढला." आणि लेक निघाली की, "पुन्हा या हं, नोना. दुसरीकडे जाऊ नका." शेजारपाजारी हसायचे. म्हातारी लेकीची थट्टा करते असं त्यांना वाटायचं. सेलेस्तिनाही हसायची, आणि बसमध्ये बसल्यावर खिडकीकडे तोंड करून रडायची.

धाकटी रोसलिन आईजवळ राहिली. तिला कोण विचारतं, ती कुठे पडद्यावर गाते? तिच्याशी आई आपल्या बोलीत बोलायची, भांडायची, शिव्या द्यायची. मोठीला त्या शिव्यांचा हेवा वाटायचा.

त्या काळात सिंहली चित्रपटांची गाणी बरेचदा मद्रासला जाऊन करावी लागत. स्टुडिओ तिथे, वादक तिथे. सेलेस्तिनाची तिथे जी कुचंबणा व्हायची ती तिची तिलाच ठाऊक. सगळ्या दालनात तमिळ. व्हायोलिनवाले तिच्यावर विनोद करायचे, ही सिलोनची बाई लवंगेचं दुकान तोंडात घेऊन फिरते म्हणायचे, आणि तिला हसू दाबून मख्ख चेहऱ्याने उभं राहावं लागायचं, जणू काही कळलंच नाही. एकदा मायक्रोफोनपुढे ती उभी असताना, तबलजीची लहान मुलगी डबा घेऊन दारात आली. तबलजी वळून म्हणाला, "ये मगळे." तेवढंच. वाद्यं सुरू झाली, सेलेस्तिनाची जागा आली, आणि गळ्यातून सूरच निघेना. सगळा ताफा थांबला. अबेसूर्य मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या पोरीकडे, आणि सगळ्यांना चहाला पिटाळलं. त्या माणसाने तिचं गुपित शेवटपर्यंत पोटात ठेवलं, एवढं त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे.

त्याच मुक्कामात मास्तरांना एका गाण्याची चाल अडली होती. तान्ह्या मुलाचा पाळणा हलवत विधवा आई गाते असा प्रसंग. सेलेस्तिना कोपऱ्यात बसून नकळत काहीतरी गुणगुणत होती. मास्तरांनी कान टवकारले. ते आईचं पसान होतं, शब्दांवाचून. "कुठलं हे?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडचं," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही. चाल घेतली, त्यावर सिंहली शब्द बसवले. निज रे फुला, भरती अजून दूर आहे, अशा अर्थाचे. त्या गाण्याने रनमलीचं नाव झालं. बायका चित्रपटगृहात पदर भिजवून बाहेर येत. नायिका रस्त्यात भेटली की लोक तिचे हात धरून म्हणत, काय गायलात हो. नायिकाही बिचारी हो म्हणायची, दुसरं काय करणार.

ते गाणं रेडिओवर आलं तेव्हा सेलेस्तिना मुद्दाम गावी होती. आईसाठी तिने रेडिओ आणला होता, लाकडी पेटीचा, देव्हाऱ्यातल्या मरियामातेच्या शेजारी ठेवला होता. गाणं वाजलं. सवरियम्माला त्यातली पुस्तकी सिंहली धड कळली नाही, पण चाल कळली. तिचे ओठ हलू लागले. आपल्या पसानचे शब्द ती आतल्या आत म्हणत होती. गाणं संपलं. लेक जीव टांगणीला लावून आईच्या तोंडाकडे बघत होती. सवरियम्माने दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिला शब्द सापडेना. बाजारातला एकेक शब्द ती चाचपत असावी.

"ताजं आहे, नोना," ती अखेर म्हणाली. "फार ताजं."

सेलेस्तिनाला पुढे पदकं मिळाली, मंत्र्यांच्या हातून शाली मिळाल्या. या शब्दाच्या तोडीचं काही मिळालं नाही, असं ती रोसलिनला म्हणायची.

लग्न तिने केलं नाही. मासिकांनी नाना कारणं छापली, कुणाकुणाशी नावं जोडली. खरं कारण ऐकलं तर हसावं की रडावं कळत नाही. शेजारी कुणी झोपलेलं असलं की तिला झोप लागत नसे. झोपेत जीभ वळली तर? आईने बजावून ठेवलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या मुक्कामातही ती वेगळी खोली मागायची, आणि लोक म्हणायचे, बाई शेफारलीय.

मग नवे गळे आले, नवी वाद्यं आली. अबेसूर्य मास्तर वारले. रनमलीला बोलावणी कमी होत गेली. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्र्याऐंशी सालच्या जुलैत, जेव्हा पुन्हा रस्त्यारस्त्यांवर धूर उठला. ते वर्ष कसंबसं सरलं. आई गावात होती, चर्चच्या आसऱ्याला, म्हणून वाचली. पण म्हातारीच्या मनात जुनं आणि नवं एकमेकांत मिसळून गेलं. डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकले होते. दिसेनासं झालं होतं, आणि पुढच्याच उपासाच्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला.

रोसलिनचा निरोप आला तो वेगळाच. अम्मा बरी आहे, जेवते, पण झटक्यात तिची सिंहली पुसून गेली. दोनचार शब्द उरलेत, तेही भीतीने निघतात. उरली ती आपली बोली. दिवसभर तुझं नाव घेते. मगळे, मगळे करते. अक्का, लवकर ये.

सेलेस्तिनाने निरोप ऐकला आणि तिला आधी आनंदच झाला, हे सांगायला हवं. मगळे. पंचवीस वर्षांनी. आता बाजार उठला, आता आईशी आईच्या भाषेत बोलता येईल. बसमध्ये तिने लवंग काढून रुमालात बांधली आणि मनातल्या मनात बोलायला सुरुवात केली. अम्मा, मी आले. अम्मा, मी तुझी मगळ. मनात सगळं बरोबर उमटत होतं. मग तिने तोंड खिडकीबाहेर काढून, वाऱ्यात, हळूच म्हणून पाहिलं. मगल. पुन्हा म्हटलं. मगल. जीभ मागे वळायला निघायची आणि अर्ध्यातच सपाट पडायची, जणू खाली अजून लवंग होती. निगंबो येईपर्यंत ती म्हणत राहिली. शेजारच्या बाईला वाटलं, प्रार्थना करतेय.

दुपारची वेळ होती. अंगणात चटयांवर मासळी वाळत होती. सवरियम्मा दाराशी पडवीत खाटेवर बसली होती, उशांना टेकून, पांढरे डोळे समुद्राकडे. रोसलिन बहिणीला बघून धावत आली आणि आईच्या कानाशी वाकून आपल्या बोलीत म्हणाली, "अम्मा, अक्का आलीय. बघ कोण आलंय."

म्हातारीचा चेहरा उजळला. चांगला हात तिने पुढे केला. "मगळे?"

सेलेस्तिना तिच्या पायाशी बसली. तो हात तिने गालाला लावला. आणि म्हणाली, तिला वाटत होतं बरोबर म्हणतेय, "हो अम्मा. मी. तुझी मगल."

हात थांबला. मग गालावरून हळूच मागे गेला.

"रोसलिन," सवरियम्मा म्हणाली, "ही कोण बाई?"

"अक्का आहे गं, सेलेस्तिना अक्का."

"गप्प बैस." म्हातारीने रोसलिनच्या दंडाला चिमटा काढला. "परक्यांपुढे नाव घेऊ नये, कळत नाही तुला? सिंहली बाई आहे ही. आपली बोली शिकून आलीय."

सेलेस्तिनाने पुन्हा म्हणून पाहिलं. लहानपणीचं मांजर आठवून दिलं, पोळकं आठवून दिलं. जितकं बोलली तितके ल पडत गेले, आणि जितके ल पडले तितकी म्हातारी आक्रसत गेली. शेवटी बोलणं सोडून ती गायली. तेच गाणं. आवाज आता जुना झाला होता, वरच्या जागेवर थरथरत होता, पण होता तोच.

सवरियम्माच्या तोंडावरची सगळी भीती निवळली. ती हसली. तिने मान वळवली, गाणारीकडे नाही, आत देव्हाऱ्याकडे, जिथे रेडिओ असायचा. आंधळेपणाने हात लांब केला. रोसलिनला काही सुचेना, तिने ती लाकडी पेटी आणून आईच्या मांडीवर ठेवली. पेटी केव्हाची बिघडलेली, कित्येक वर्षं मुकी. म्हातारी तिच्यावरून हात फिरवू लागली, डोक्यावरून फिरवावा तसा.

"माझी पोर," ती पेटीला म्हणाली. "माझी मगळ."

सेलेस्तिना पायाशी बसून गात होती. आयुष्यभर तिचा गळा दुसऱ्याच्या तोंडी गेला, आणि तिने तक्रार केली नाही, तो धंदाच होता. पण आज आईचा हात आपल्या केसांपासून वीतभर अंतरावर त्या लाकडावर फिरताना पाहून तिला सहन होईना. गाणं अर्ध्यावर टाकून तिने आईचे गुडघे धरले.

"अम्मा, रेडिओ नाही. मी आहे. मी, मगल. तुझी मगल."

गाणं थांबलं होतं आणि ती परकी बाई अजून तिथेच होती. सवरियम्माने पेटी उराशी घट्ट धरली. तिच्या ओठाचा धड कोपरा थरथरू लागला. पुसून गेलेल्या सिंहलीतून ती काहीतरी शोधत होती, आणि एवढी वर्षं जो शब्द एकदाही हाती लागला नाही, तो नेमका भीतीने हाती लागला. मुलगी, हा सिंहली शब्द तिला येत होता तर. गिऱ्हाइकाशी बोलावं तशा नरम, लाचार आवाजात ती म्हणाली,

"मुलगी नाही, नोना. आमच्या घरात मुलगी नाही. होती, संपली. दुसरीकडे बघा."

रोसलिन तोंडावर हात धरून आत पळाली.

सेलेस्तिना उठली. आता आणखी काही म्हणणं म्हणजे त्या म्हाताऱ्या जिवाला आणखी घाबरवणं, हे तिला कळलं. तिने डोळे पुसले आणि आपल्या स्वच्छ, निर्दोष सिंहलीत, जिला सगळी लंका नावाजत होती, म्हणाली, "बरं आई. जाते मी."

"पुन्हा या हं, नोना," सवरियम्मा सवयीने म्हणाली.

सेलेस्तिना पायऱ्या उतरली आणि चटयांपाशी थांबली. तिथून पडवीतलं सगळं ऐकू येत होतं. म्हातारीने बराच वेळ कानोसा घेतला. मग रोसलिनला हाक मारून जवळ बसवलं, आणि आपल्या बोलीत, दबक्या आवाजात विचारलं, "गेली?"

"गेली," रोसलिन कशीबशी म्हणाली.

"कोळुंबुला निरोप धाड. मगळला म्हणावं, कुणी बाई शोधत आली होती. मी ताकास तूर लागू दिली नाही." मग तिने पेटीवरून पुन्हा हात फिरवला. "म्हणावं, भिऊ नकोस. अम्माने काही सांगितलं नाही."